गच्चीवरून गच्चीवर लेझर: रस्ता न खोदता दोन इमारती जोडताना

रस्त्याच्या अलीकडे रुग्णालय आणि अर्धा किलोमीटर पलीकडे त्याचंच निदान केंद्र, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. एका एमआरआय तपासणीची चित्रं काहीशे मेगाबाइटची, आणि अशा तपासण्या दिवसभर चालू. दोन्हीकडे चांगले संगणक, त्यांना जाळ्यात जोडणारे चांगले स्विच; मध्ये फक्त महापालिकेचा रस्ता. फायबर टाकायचं तर खोदाईची परवानगी, रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क, आणि अर्ज मे महिन्यात केला असेल तर पाऊस संपेपर्यंत कुदळ लावायची नाही. गच्च्या मात्र एकमेकींना लख्ख दिसतात. मग कोणीतरी म्हणतं, लेझर लावू या की.

ही कल्पना पुन्हा चर्चेत आली ती ‘तारा’मुळे. गूगलची पालक कंपनी ‘अल्फाबेट’च्या ‘एक्स’ प्रयोगशाळेत वाढलेला हा प्रकल्प मार्च २०२५ मध्ये स्वतंत्र कंपनी झाला. २०२१ मध्ये त्यांनी काँगो नदीच्या दोन काठांवरची ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं ४.८ किलोमीटरच्या लेझर झोताने जोडली. वीस दिवसांत ७०० टेराबाइट डेटा गेला आणि लिंक ९९.९ टक्के वेळ चालू राहिली. हिशेब केला तर सेकंदाला सरासरी सव्वातीन गिगाबिट होतात आणि वीस दिवसांत बंद राहण्याचा वेळ अर्ध्या तासाच्या आत येतो. २०२३ मध्ये भारतात एअरटेलसोबत हे तंत्र वापरण्याची बातमी आली.

आकडे चोख आहेत. पण आपल्या गच्चीवर हे यंत्र बसवायला निघालेल्या माणसाला लागणारा आकडा बातमीत नसतो. तो म्हणजे हवा बिघडली की हातात किती शिल्लक उरते. वेग किती आणि किती किलोमीटर चालतं, हे प्रश्न त्यानंतरचे.

काच काढून टाकलेलं फायबर

फायबरमध्ये काय चालतं? एका टोकाला लेझर सेकंदाला अब्जावधी वेळा लुकलुकतो, दुसऱ्या टोकाला प्रकाश ओळखणारा डोळा, म्हणजे फोटोडायोड, ती लुकलुक वाचतो. मधल्या काचेच्या धाग्याचं काम एकच: प्रकाश इकडेतिकडे सांडू न देणं. हा धागा काढून टाका, दोन्ही टोकांना भिंगं लावा, भिंगं एकमेकांवर रोखा. झाली लेझर लिंक. तंत्रज्ञ तिला ‘फ्री-स्पेस ऑप्टिक्स’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एफएसओ’ म्हणतात. आपण लिंकच म्हणू.

प्रत्येक टोकाच्या डब्यात पाठवणारा लेझर आणि घेणारा फोटोडायोड असे दोन्ही असतात, त्यामुळे जाणं-येणं एकाच वेळी होतं. प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त असतो: बहुतेक यंत्रांत ८५० किंवा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. स्विचच्या दृष्टीने ही निव्वळ एक लांब पॅचकॉर्ड, म्हणजे दोन यंत्रं जोडणारी तार. वायफायसारखी दहा जणांत वाटून घेता येत नाही. एका टोकाला एकच दुसरं टोक. आणि बाजारात ‘एअरफायबर’ नावाने मिळणारी जोडणी म्हणजे हे नव्हे. तिथे ५जीच्या रेडिओलहरी असतात, लेझर नसतो.

युक्ती मात्र लेझरपेक्षा जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स टेन्टर यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका शाळेच्या गच्चीवरून २१३ मीटरवरच्या प्रयोगशाळेत सूर्यप्रकाशाच्या झोतावर आवाज पोहोचवला होता. ढग आला की संभाषण संपलं. एकशे चाळीस वर्षांनंतरही झगडा हवेशीच आहे.

खिशातले ४३ डेसिबल

इथे एकच तांत्रिक शब्द लागणार आहे: डेसिबल. प्रकाश किती पट कमी झाला, हे मोजायची ही रीत. ३ डेसिबल गेले म्हणजे निम्मा प्रकाश उरला, १० गेले म्हणजे दहावा भाग, २० गेले म्हणजे शंभरावा. सोय अशी की गुणाकार-भागाकाराच्या जागी साधी बेरीज-वजाबाकी चालते. पूर्वी मालाचा ट्रक गावात येईपर्यंत दर जकात नाक्यावर काहीतरी कापलं जायचं, तसंच हे. निघताना खिशात किती होते आणि पोहोचल्यावर किती उरले, एवढंच पाहायचं.

आपलं ५०० मीटरचं उदाहरण घेऊ. लेझर १० मिलीवॉटचा. पलीकडच्या फोटोडायोडला गिगाबिटच्या वेगाने नीट वाचायला अर्धा मायक्रोवॉट पुरतो. म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा वीस हजारावा भाग पोहोचला तरी काम होतं. वीस हजार पट म्हणजे ४३ डेसिबल. ही आपली पुंजी.

पहिला नाका पसरण्याचा. झोत कितीही बारीक केला तरी पुढे जाताना फुगतो. साध्या, नेम आपोआप न धरणाऱ्या यंत्रात हा फुगवटा साधारण २ मिलिरेडियन ठेवतात. एक मिलिरेडियन म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर, म्हणून ५०० मीटरवर एक मीटर रुंदीचं वर्तुळ पडतं. घेणारं भिंग २० सेंटीमीटरचं असेल तर वर्तुळाच्या पंचविसाव्या भागाएवढाच प्रकाश त्यात येतो, म्हणजे १४ डेसिबल गेले. भिंगं आणि पुढच्या काचा मिळून ४. नेम थोडा चुकलेला असणारच, त्याचे ३. एकूण २१ वजा जाऊन २२ उरले. हे २२ हवेसाठी.

आता अंतर दुप्पट करा. किलोमीटरवर वर्तुळ दोन मीटरचं, पसरण्याचे २० डेसिबल, आणि हवेसाठी १६ उरले. शिवाय हवाही दुप्पट झाली. ५०० मीटरच्या लिंकला दर किलोमीटरमागे ४४ डेसिबलचा तोटा सोसतो, किलोमीटरच्या लिंकला फक्त १६. उलट २०० मीटरवर वर्तुळ ४० सेंटीमीटरचं, शिल्लक ३० डेसिबल, आणि सोसण्याची ताकद किलोमीटरमागे दीडशे. म्हणून माहितीपत्रकावर ‘२ किलोमीटरपर्यंत’ असं लिहिलेलं यंत्र २०० मीटरवर वापरणं ही उधळपट्टी नसते. तीच त्याची खरी जागा असू शकते. (फार जवळ आणलं की फोटोडायोड दिपून जातो आणि समोर गडद काच लावावी लागते, यंत्राचं किमान अंतरही विचारून घ्या.)

‘पावसात बंद पडेल ना?’

पहिली शंका हीच असते, आणि ती चुकीच्या शत्रूबद्दल असते. मूठभर तांदूळ हवेत उडवले तरी पलीकडचं दिसतं. तेवढंच पीठ उडवा, पलीकडचं काही दिसणार नाही. पाऊस तांदूळ आहे, धुकं पीठ. पावसाचे थेंब अर्ध्या ते पाच मिलीमीटरचे आणि विरळ; धुक्याचे थेंब मिलीमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास आणि अगणित. एका घनमीटर धुक्यातलं पाणी जोरदार सरीतल्या पाण्यापेक्षा कमी असतं, पण ते इतकं बारीक वाटलेलं असतं की प्रकाशाला वाट उरत नाही.

दुरसंचार क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या एका नेहमीच्या सूत्राने, ताशी १०० मिलीमीटर म्हणजे धो धो पावसात लेझरचं नुकसान किलोमीटरमागे सुमारे २३.५ डेसिबल. आपल्या ५०० मीटरला १२ पडले. खिशात २२ आहेत, लिंक टिकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, म्हणजे ताशी सरासरी ३९. त्या सरासरीला आपल्या लिंकचे सहा-साडेसहा डेसिबल जातात. काही तासांचा जोर त्याहून बराच होता, हे खरं. पण त्या दिवशी अशी लिंक असती तर ती लेझरमुळे पडण्याआधी वीज गेल्यामुळे पडली असती. उपनगरांत वीज तोडावी लागली होती. दोन्ही गच्च्यांवर यूपीएस हवा, हा धडा त्यातच आला.

धुक्याचं गणित सोपं आणि क्रूर आहे. १७ ला दृश्यतेने, म्हणजे किती लांबचं दिसतं त्या अंतराने, किलोमीटरमध्ये, भागा. किलोमीटरमागचा तोटा मिळतो. ४०० मीटर दृश्यतेला ४२ डेसिबल, म्हणजे ५०० मीटरसाठी २१. आपली लिंक इथे शेवटच्या श्वासावर आहे. दृश्यता ३५० झाली की संपली. २०० मीटरची लिंक मात्र दृश्यता सव्वाशे मीटरपर्यंत घसरली तरी तग धरते. आणि किलोमीटरची लिंक हवामान खात्याच्या व्याख्येत जेमतेम धुकं सुरू होतं तिथेच, हजार मीटरच्या आसपास, गळते. तिला १०० मिलीमीटरचा पाऊसही झेपत नाही. गच्चीवर उभं राहून करायची चाचणी अशी: पलीकडची इमारत नुसत्या डोळ्यांना दिसेनाशी झाली की लेझरलाही दिसत नाही असं समजून चाला.

मग आपल्या गावात हे वर्षात किती वेळ होतं? जवळच्या विमानतळाच्या दृश्यतेच्या नोंदी बघा. त्या दर अर्ध्या तासाला मीटरमध्ये होतात. वर्षभरात आपल्या मर्यादेखालचे तास मोजा. ९९.९ टक्के हवे असतील तर वर्षाला पावणेनऊ तासांची मुभा आहे, ९९.९९ हवे असतील तर फक्त ५३ मिनिटांची. मुंबईत बाकी काही झालं तरी दाट धुकं दुर्मीळ. पुण्यात हिवाळ्यातल्या काही पहाटा वाईट जातात. महाबळेश्वर, आंबोली, लोणावळा इथे मात्र पावसाळ्यात ढगच जमिनीवर उतरतो आणि तासन्‌तास हलत नाही. तिथे केवळ लेझरवर विसंबणं मूर्खपणा आहे. विमानतळाच्या नोंदीत एक गोम आहे. ती जमिनीलगतची असते. मुंबईतल्या उंच टॉवरचे वरचे मजले जुलैत ढगात असतात तेव्हा खालचा रस्ता स्वच्छ दिसत असतो. जितकी उंच गच्ची तितकी ही नोंद फसवी.

लोखंडाचा पाइप उन्हात वाकतो

हवा सोडली तर सर्वांत जास्त लिंक मरतात त्या खांबामुळे, आणि हे कोणत्याच माहितीपत्रकात ठसठशीत लिहिलेलं नसतं.

समजा, यंत्र २ मीटर उंच आणि १० सेंटीमीटर जाड लोखंडी पाइपवर बसवलंय. दुपारी पाइपची उन्हाकडची बाजू सावलीच्या बाजूपेक्षा १० अंशांनी जास्त तापली. लोखंड दर मीटरला, दर अंशाला १२ मायक्रॉन वाढतं. म्हणजे उन्हाची बाजू पाव मिलीमीटरने लांबली. पाव मिलीमीटर! पण त्यामुळे पाइपचं डोकं २.४ मिलिरेडियन कलतं, आणि ५०० मीटरवर झोत सव्वा मीटर सरकतो. तिथे आपलं वर्तुळच एक मीटरचं. सकाळी लावलेली लिंक दोन वाजता मेली, संध्याकाळी आपोआप जिवंत झाली, आणि सगळे ‘सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी आहे’ म्हणत बसले, अशा तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा या पाव मिलीमीटरमध्ये असतं.

उपाय म्हणजे बुटका आणि रुंद पाया. तोच पाइप अर्ध्या मीटरचा केला तर सरकणं ३० सेंटीमीटरवर येतं. पण यंत्र बुटकं केलं की झोत तापलेल्या गच्चीवरून, पत्र्यावरून सरपटत जातो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर मृगजळ थरथरतं तसा तो थरथरतो आणि सिग्नल सेकंदाला शेकडो वेळा वर-खाली होतो. यातून वाट अशी: यंत्र गच्चीच्या मध्यावर न ठेवता समोरच्या कडेला ठेवा, म्हणजे झोत स्वतःच्या गच्चीवरून जातच नाही आणि उंच खांबाची गरज उरत नाही.

कडेला म्हणजे कठड्यावर नव्हे. कठड्याची भिंत विटांची, ती हलते. खाली कॉलम कुठे आहे ते शोधा. पुढच्या मजल्यासाठी सळया सोडलेल्या असतील तर त्या सळयांना बांधून काँक्रीटचा चौथरा ओतणं सर्वांत चांगलं. नुसता अँकर बोल्ट ठोकायचा मोह आवरा. आपल्याकडे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. बोल्ट त्यातच बसतो, खालच्या स्लॅबपर्यंत पोहोचत नाही, आणि वर पाण्याला आत जायची वाट मिळते. लिंकही ढिली आणि खालच्या मजल्यावर गळतीही. लिफ्टच्या मशिनखोलीचं छप्पर सर्वांत उंच म्हणून खुणावतं, पण लिफ्ट सुरू होताना बसणारा हिसका लिंकमध्ये दिसतो. पाण्याच्या टाकीच्या स्टँडचंही तसंच; टाकी भरते, रिकामी होते, स्टँड केसभर दबतं आणि उठतं.

महागड्या यंत्रांत हा प्रश्न हलत्या आरशाने सोडवलेला असतो: समोरचा झोत कुठे पडतोय ते पाहून आरसा स्वतः नेम दुरुस्त करत राहतो. मग झोत खूप बारीक ठेवता येतो आणि पसरण्याचे डेसिबल वाचतात. किलोमीटरपलीकडे असं यंत्र घ्याच. ३०० मीटरच्या आत, चांगल्या चौथऱ्यावर, नेम आपोआप न धरणारं साधं यंत्र पुरतं.

नेम धरायची रीत

एक अंश म्हणजे ५०० मीटरवर जवळपास नऊ मीटर. हाताने ‘साधारण तिकडे’ करून काही मिळत नाही. दोन्ही गच्च्यांवर एकेक माणूस आणि फोनवर सतत बोलणं, हे गृहीत धरा.

आधी यंत्रावरच्या दुर्बिणीतून समोरचं यंत्र मध्यावर आणा. हे करताना समोरचा लेझर बंद किंवा अगदी मंद असलाच पाहिजे. मग दोन्ही लेझर चालू करून सिग्नलच्या मीटरकडे बघत, एका वेळी एकच टोक आणि एकच दिशा हलवा. डावीकडे सिग्नल निम्मा होईपर्यंत जा, खूण करा, उजवीकडे तसंच, मग दोन खुणांच्या बरोबर मध्ये या. वर-खालीही हेच. पहिला सिग्नल मिळाल्यावर आनंदाने बोल्ट आवळणं ही नेहमीची चूक. तो बहुधा झोताचा काठ असतो. त्या दिवशी चालतो आणि पहिल्या वाऱ्याला सुटतो. समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे, आलटून-पालटून आवळा, कारण आवळतानाही नेम सरकतो. शेवटी मिळालेला आकडा कागदी हिशेबाशी ताडून बघा. हिशेब २२ डेसिबल शिल्लक सांगतो आणि मीटर १२ दाखवतोय, तर लिंक चालू असली तरी काम झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आणि दुपारी दोनला पुन्हा मीटर पाहा.

डोळ्यांना इजा होईल का?

प्रश्न रास्त आहे, कारण हा प्रकाश दिसत नाही. दिसला असता तर पापणी मिटली असती. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आत जातो आणि पडद्यावर टोकदार ठिपका होऊन पडतो. १५५० चा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ‘आयईसी ६०८२५’ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सर्वांत सुरक्षित, पहिल्या वर्गात बारीक झोताला ८५० वर जेमतेम पाऊण मिलीवॉटची परवानगी आहे, तर १५५० वर १० मिलीवॉटची. आपल्या उदाहरणात १० मिलीवॉट आले ते यामुळे.

डब्यावरचं लेबल वाचा. ‘१’ असेल तर निर्धास्त. ‘१एम’ असेल तर नुसत्या डोळ्यांना ठीक, पण दुर्बिणीतून बघायचं नाही, कारण दुर्बीण मोठ्या भिंगातला सगळा प्रकाश डोळ्यात ओतते. नेम धरताना समोरचा लेझर बंद ठेवा, हे वर निक्षून सांगितलं ते याचसाठी. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात काही दिसत नाही म्हणून लेझर बंद आहे असं समजू नका. १५५० चा प्रकाश त्या कॅमेऱ्याला दिसतच नाही.

कबुतरं, काच आणि मावळतीचं ऊन

उडता पक्षी आडवा गेला तर? तीसेक सेंटीमीटरचा पक्षी सेकंदाला दहा मीटरने झोत ओलांडतो, फार तर काही शतांश सेकंद लिंक तुटते. गिगाबिटच्या लिंकवर तेवढ्यात काही मेगाबाइट हरवतात आणि दोन्हीकडचे संगणक ते न सांगता पुन्हा मागवून घेतात. खरा त्रास बसणाऱ्या कबुतरांचा. डब्याच्या छज्जावर बसून ती काचेवर घाण करतात, आणि छज्जाच्या आत कोळी जाळं विणतो. काटेरी पट्टी लावा. काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग भिंग पुसायच्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने. कोरड्या फडक्याने पुसलं तर धुळीचे कण सँडपेपरचं काम करतात.

गच्चीऐवजी खिडकीच्या आतून मारलं तर चालेल? साध्या काचेला चालेल; एका तावदानात आठ टक्के परावर्तनात जातात, किरकोळ आहे. पण ऊन अडवणारी लेप दिलेली काच नेमका अवरक्त प्रकाशच अडवते, आणि दोन्ही इमारतींना तशी काच असेल तर दुप्पट मार. मुंबईच्या दमट हवेत एसी खोलीच्या खिडकीला बाहेरून दव धरतं, ते वेगळंच.

पूर्व-पश्चिम लिंक असेल तर सूर्याचा हिशेब करा. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वेच्या २५ अंश उत्तरेपासून २५ अंश दक्षिणेपर्यंत उगवतो. या पट्ट्यात तोंड करून बसवलेल्या यंत्राच्या भिंगात वर्षातले काही दिवस, काही मिनिटं, समोरच्या लेझरच्या मागेच सूर्य येतो. तेवढा वेळ फोटोडायोड आंधळा होतो. नको असलेला प्रकाश अडवणारी त्याच्यापुढची गाळणी हलक्या दर्जाची असेल तर कायमचाही. उत्तर-दक्षिण लिंकला ही पीडा नाही.

वाटेत कोणी ऐकलं तर?

रेडिओच्या तुलनेत हा झोत चोरणं कठीण आहे. तो चहूकडे पसरत नाही, भिंतीतून जात नाही. पण ‘अशक्य’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. आपलं वर्तुळ एक मीटरचं आणि भिंग २० सेंटीमीटरचं. उरलेला ९६ टक्के प्रकाश भिंगाच्या बाजूने पुढे जातो. त्याच गच्चीवर पोहोचलेला माणूस तो पकडू शकतो. रुग्णांचे अहवाल जात असतील तर दोन्ही टोकांच्या स्विचवर कूटलेखन (एन्क्रिप्शन) चालूच हवं आणि गच्चीला कुलूप हवं. मार्च २०२१ मध्ये इस्रोने अहमदाबादच्या आपल्या केंद्रातल्या दोन इमारतींमध्ये, ३०० मीटरवर, प्रकाशकणांद्वारे कूटलेखनाची किल्ली पाठवून दाखवली, ज्यात कोणी मध्ये डोकावलं तर ते कळतं. ते अजून प्रयोगशाळेचं काम आहे. आपल्याला नेहमीचं कूटलेखन पुरेसं आहे.

मग रेडिओच का नाही, किंवा फायबरच का नाही?

फायबर शक्य असेल तर फायबरच टाका. लेझरची जागा तिथे, जिथे मध्ये नदी, रेल्वे किंवा परवानगी न मिळणारा रस्ता आहे, जागा भाड्याची आहे आणि दोन वर्षांनी सोडायची आहे, किंवा फायबर आहेच पण त्याच खड्ड्यात दुसरं टाकून उपयोग नाही. जेसीबीचा दात दोन्ही एकदमच तोडतो.

रेडिओबद्दल उत्तर वेगळं आहे. ७०-८० गिगाहर्ट्झच्या मिलीमीटर-लहरींनाही गिगाबिटचा वेग मिळतो. त्यांची तरंगलांबी पावसाच्या थेंबांएवढी असल्यामुळे ताशी १०० मिलीमीटर पावसात त्यांचे किलोमीटरमागे ३० डेसिबल जातात. धुकं मात्र त्यांना जाणवतही नाही. लेझर पाऊस त्यांच्यापेक्षा बरा सोसतो, पण धुक्यात मरतो. दोघांना जोडीने लावलं तर दोघांचेही वाईट दिवस सहसा एकत्र येत नाहीत. अशा लहरींना परवाना लागतो. लेझरला स्पेक्ट्रमचा परवाना लागत नाही, कारण रेडिओचे आंतरराष्ट्रीय नियम ३,००० गिगाहर्ट्झपाशी संपतात आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे १,९३,००० गिगाहर्ट्झवर आहे. या लिंकवरून दुसऱ्यांना इंटरनेट विकायचं असेल तर त्याचा परवाना अर्थातच वेगळा. जोडीला स्वस्तातली सोय हवी तर ५ गिगाहर्ट्झचा साधा रेडिओ आहे. ठरलेल्या शक्तीच्या आत हा पट्टा भारतात २०१८ पासून परवानामुक्त आहे. वेग दहावा भाग मिळेल, पण फोन आणि अहवाल चालू राहतील. चित्रं थोडी थांबतील.

यात एक सेटिंग विसरलं जातं. लेझर पडला की ताबडतोब रेडिओवर जा, पण लेझर परत आल्या-आल्या लगेच परतू नका. धुकं विरताना लिंक दर दोन-चार सेकंदांनी चालू-बंद होते, आणि प्रत्येक उडीला सगळं जाळं हिसके खातं. लेझर सलग मिनिटभर स्थिर राहिला तरच परत जायचं, असं राउटरला सांगा. गच्चीवरच्या डब्यापासून खालच्या स्विचपर्यंत तांब्याची केबल न नेता फायबरच न्या. तांब्याची १०० मीटरची मर्यादा टळते आणि वीज कडाडली तर धक्का सर्व्हररूमपर्यंत येत नाही. वीजपुरवठ्याच्या तारेला सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग लागतंच.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून चार आकडे लेखी मागा: लेझरची शक्ती, फोटोडायोडला लागणारा किमान प्रकाश, झोताचा फुगवटा, भिंगाचा व्यास. वरचा हिशेब या चार आकड्यांवर दहा मिनिटांत होतो. मग दोन्ही गच्च्यांच्या मधून पायी चालत जा. गुलमोहर किती वर्षांत झोताला भिडेल ते बघा. आणि मधल्या एखाद्या प्लॉटला पत्रे लागले असतील तर बाहेरच्या फलकावरचा महारेरा क्रमांक टिपून घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर त्या इमारतीला किती मजल्यांची मंजुरी आहे ते दिसतं.